मागच्या दाराचा उंबरा

उद्या गाडी बघायला गिऱ्हाईक येणार, म्हणून दारं उघडली, तर चौकटींत ग्रीस आणि धुळीचा काळा थर. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन बसलो. घासताना खालून काय निघेल, याची मला उगाचच उत्सुकता लागते.

बाकी दारांखालच्या पट्ट्या बुटांनी खरवडलेल्या निघाल्या. मागच्या डाव्या दाराशी मळ सगळ्यात जास्त होता, आई गेल्यापासून ते फारसं उघडलंच नव्हतं. पण त्याखालचा रंग अगदी नवा, एक ओरखडा नाही. आई तर इतकी वर्षं याच दारातून चढायची. मग हे कसं?

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही म्हणायच्या. गुडघे दुखायचे, तरी हाताने पाय उचलून आत घ्यायच्या."

गाडीला उंबरा असतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आईने घर कुठवर नेलं होतं कोण जाणे.

उद्या गिऱ्हाईक इंजिन बघेल, टायर बघेल. शेवटी मागच्या सीटवरची छत्री काढायला मी त्याच दाराने आत शिरलो. पाय आपोआप उंच उचलला गेला.