पडद्यामागचा पाय

अकोल्याला झोपेत उतरायचं राहून गेलं, म्हणून अमरावतीला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. स्टेशनबाहेर एका इमारतीवर भला मोठा फलक होता. त्यावर एक तरुण बाई धावत होती. एका पायाच्या जागी काळं, चकचकीत पातं. खाली लिहिलं होतं, ‘पाय गेला, वेग आला!’ माझा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. सात वर्षांत त्याने मला घट्टे दिलेत, वेग नाही. तरीही फलकावरच्या त्याच कंपनीचं अकोल्यातलं प्रात्यक्षिक पाहायला मी पुण्याहून आले होते. निदान खोटं काय ते डोळ्यांनी पाहू, म्हटलं.

गिला वडा (दह्यात भिजवलेला वडा) खायला बाकड्यावर टेकले, तशी सलवार वर सरकली. वडेवाला वाकून पाहू लागला.

“ताई, त्या बोर्डावरच्यासारखा हाये का? दाखवा ना!”

पूर्वी लोक ‘अरेरे’ म्हणून नजर वळवायचे. आता मोबाइल काढतात. यातलं बरं कोणतं, मला ठरवता आलेलं नाही. मी सलवार खाली ओढली.

“अवो, लाजता काहून (का)?” म्हणत त्याने आणखी एक वडा वाढला. मला त्याचाही संशयच आला.

अकोल्याच्या एसटीतून मूर्तिजापूरपर्यंत काळी जमीन आणि फुटलेला कापूस पाहत गेले. अकोल्यात उतरताना पायरी चुकली, गुडघ्यावर आपटले. जठारपेठेतल्या सभागृहात पोचले ती लंगडतच.

तिथे काचेच्या फळ्यांवर पाय मांडले होते, चपलांच्या दुकानात मांडतात तसे. टाय लावलेला विक्रेता माइकवर सांगत होता, “हा पाय नाही, आत्मविश्वास आहे!” आणि फलकावरची बाई मंचावर झपझप चालत होती. तेल्हाऱ्याच्या वंदनाताई. “ताई रोज हाच पाय घालून शेतात जातात,” विक्रेता म्हणाला. टाळ्या पडल्या. ताई चालतच राहिल्या.

मध्यंतरात मी पडद्यामागे डोकावले. वंदनाताई तो चकचकीत पाय उतरवून दुसरा चढवत होत्या. रबरी पाऊल, टाच झिजलेली.

“हा तुमचा?”

“हा माहा. तो त्यायचा, कंपनीचा. इथं आली का लावते, जाताना परत देते.”

“मग शेतात जाता म्हणून खोटं का सांगता?”

“मी कुठं सांगते? ते सांगून राहिले. मी फक्त चालते.” मग हळूच म्हणाल्या, “गावात मले लंगडीच म्हणत, मॅडम. आता नावानं हाक मारतात. तो बोर्ड लागल्यापासून.”

त्यांचा मला राग आला होता. तो ओसरला, पण विश्वास बसला नाही.

दुपारच्या सत्रात बार्शीटाकळीहून वडिलांबरोबर आलेली एक मुलगी उभी राहिली. “ताई, आमचं वावर (शेत) चिखलाचं हाये. हा पाय चालते का चिखलात?”

विक्रेत्याने माइक उचलला, पण वंदनाताईंनी हात पुढे करून तो घेतला.

“मले नाई माहीत, बाई. मी हा चिखलात नेलाच नाई. थांब.”

त्या पडद्यामागे गेल्या आणि आपला झिजलेला पाय घालून बाहेर आल्या. “वावरात मी हा घालते. जड हाये, पन फसत नाई.”

विक्रेता घाईघाईने चहाची सुट्टी जाहीर करू लागला. मुलीचे वडील हातातला पायाच्या खरेदीचा अर्ज घडी करून खिशात ठेवत होते.

बसस्टँडवर आम्ही दोघी बाकावर बसलो.

“आता बोर्ड काढतील,” मी म्हणाले.

“काढतीन.” त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “पन पाय चांगला हाये बरं, मॅडम. लय हलका. एकडाव (एकदा) देल्ला असता, तं चिखलात नेऊन पाह्यला असता.”

त्यांची तेल्हाऱ्याची गाडी लागली आणि त्या चढून गेल्या.

परतीच्या प्रवासात मला स्वतःचीच लाज वाटत होती. मी पायावर संशय घेतला, कंपनीवर घेतला, त्या बाईवर घेतला. तो पाय तिला हवा असेल, हे मात्र दिवसभरात एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी विक्रेत्याचा फोन आला; सभागृहाच्या दारात सगळ्यांचे नंबर लिहून घेतले होते. मी विचारलं, “वंदनाताईंना तो पाय देणार का?”

“मॅडम,” तो गोड आवाजात म्हणाला, “आपण तुमच्याबद्दल बोलू या ना.”