लाटणं ज्याच्या हातात

लहान मुलांमध्ये काम करायला लागलं की पर्समध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. खडूचे तुकडे आणि किस्से. खडू मी अधूनमधून झटकून टाकते, किस्से मात्र कुणी चहाला आलं की बाहेर पडतात. आता बसलाच आहात, तर ऐका!

आमचा ग्रुप तिघींचा. डोंबिवलीच्या नलूताई, उभं आयुष्य बालवाडीत घालवून रिटायर झालेल्या. ठाण्याची ग्रेसी, गाणी आणि गिटारवाली. आणि वर्तकनगरची मी, सामान उचलायला! एका संस्थेच्या विठ्ठलवाडी आणि टिटवाळ्याच्या बालवाड्यांमध्ये आम्ही दर आठवड्याला जातो आणि मुलांना भांडायला शिकवतो. हो, भांडायलाच. फक्त न मारता, न चावता.

पद्धत नलूताईंची. भांडण झालं की चटई अंथरायची, दोघांनी समोरासमोर बसायचं. ज्याच्या हातात भातुकलीतलं लाटणं, त्यानेच बोलायचं. समोरच्याने काय ऐकलं ते आधी सांगायचं. पहिला "बरोबर" म्हणाला, तरच लाटणं समोरच्याकडे जाणार.

* * *

विठ्ठलवाडीत चटई आली आणि भांडणं एकदम वाढली! आम्ही हादरलोच. एक दिवस दोन मुलं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून आली.

"ताई, चटई द्या ना. आमचं भांडण आहे."

"कशावरून?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "ते बसल्यावर ठरवणार!"

नलूताईंनी गंभीर चेहऱ्याने चटई दिली.

* * *

टिटवाळ्याला एक वडील तणतणत आलेले. "मॅडम, पोराला नेभळट बनवू नका. बाहेर एक खाल्ली, तर दोन देता आल्या पाहिजेत!" नलूताई एवढंच म्हणाल्या, "थोडे दिवस थांबा."

काही आठवड्यांनी तेच गृहस्थ परत दारात. आवाज एकदम खाली.

"काल मिसेसशी जरा वाजलं. पोरगा किचनमध्ये गेला, खरं लाटणं घेऊन आला, आईच्या हातात दिलं आणि मला म्हणतो, पप्पा, आता तुम्ही ऐका!"

"मग?"

"मग काय मॅडम, तिच्या हातात लाटणं! जेवण गार होईपर्यंत ऐकलं."

जाता जाता म्हणाले, "धाकटीला पण तुमच्याकडेच टाकतो."

* * *

सान्वी विठ्ठलवाडीची. चार वर्षांची. नवी आली तेव्हा एक शब्द बोलायची नाही, थेट चावायची. ग्रेसीच्या मनगटावर तिचे दात उमटलेले मी स्वतः बघितलेत.

एकदा तिची पाण्याची बाटली एका मुलाने घेतली. हिने त्याला चावलं. चटई अंथरली. सान्वीच्या हातात लाटणं दिलं, आणि ती नुसती बसून राहिली. मला वाटलं, झालं, आता पोरं कंटाळून उठणार. पण एकही हललं नाही. एरवी क्षणभर गप्प न बसणारी ती सगळी वानरसेना तिच्या तोंडाकडे बघत थांबली.

शेवटी ती म्हणाली, "माझी बाटली."

समोरचा दंड चोळत म्हणाला, "तुझी बाटली."

"बरोबर."

नलूताई डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, खडू गेला. फळ्यावर त्या दिवशी काहीच लिहिलं नव्हतं! मला तर आजवर कुठल्याच कामाचा इतका अभिमान वाटला नव्हता.

* * *

आणि नेमका त्यानंतर संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. हा तास बंद करून त्या वेळेत एबीसीडी घ्यायचा त्यांचा विचार होता. एकदा येऊन बघणार आणि मग ठरवणार.

माझ्या घरी मीटिंग भरली. ग्रेसी म्हणाली, "मस्त चार गाणी बसवू, सर खूश!" नलूताई भडकल्या. "मुलं काय शोपीस आहेत?" शब्दाला शब्द वाढला. नलूताई पर्स घेऊन उठल्या, पोहे तसेच!

मी हॉलमध्ये चटई टाकली.

दोघींनी माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघितलं, पण बसल्या. तिसऱ्या प्रयत्नाला "बरोबर" झालं. ठरलं, काहीही बसवायचं नाही. रोजच्यासारखंच राहू द्यायचं. चटईवरून उठताना मात्र दोघींचे गुडघे अडले, मलाच ओढावं लागलं.

* * *

सेक्रेटरी विठ्ठलवाडीला आले. त्यांनी दोन गाणी ऐकली, घड्याळ बघितलं.

"छान आहे हो. पण हे आईबाप घरी शिकवतील. तुम्ही एबीसीडी घ्या."

"घरी शिकवत असते तर सर..."

"अहो, पण पालकांची डिमांड..."

नलूताईंचा आवाज चढला, त्यांचाही चढला. दोघं एकाच वेळी बोलायला लागले. ग्रेसीने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, गेला आपला तास.

सान्वी उठली. कोपऱ्यातली चटई ओढत आणली, अंथरली, आणि लाटणं नलूताईंच्या हातात दिलं. मग सेक्रेटरींकडे बघत उभी राहिली. सगळीच पोरं बघत होती. बिचारे काय करणार? खुर्चीवरून उतरले आणि बसले.

नलूताई म्हणाल्या, "मला भीती वाटते. हा तास गेला, तर ही मुलं बोलायच्या आधी मारायला शिकतील."

सेक्रेटरी हसले. "ताईंचं म्हणणं असं, की त्यांना हा तास फार आवडतो." आणि त्यांनी लाटण्याकडे हात केला.

सान्वीने लाटण्यावर आपला हात ठेवला.

"काका, ताई असं नाही बोलली. परत ऐक."

सेक्रेटरींनी हात मागे घेतला आणि मांडी नीट घातली.