देवरावजींचा बारका बोकड

खस्सीचा चिमटा बसला तेव्हा बोकडाचे मागचे पाय मीच धरले होते. चिमटेवाला मौद्याहून बोलावला होता. बोकड ओरडला आणि त्याच वेळी फाटकातून देवरावजी आत आले. उमरेडच्या गाडीतून उतरून थेट आलेले, हातात पिशवी.

"काहून वं बाई? याले काहून खस्सी केलं?"

"मालकानं सांगतलं."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "नऊ वर्षं, बाई," एवढंच म्हणाले.

सत्तर सालाच्या मागेपुढे मौद्याच्या रस्त्यावर आमच्या मालकांचा शेळ्यांचा गोठा होता. मालक शहरात, धरमपेठेत राहायचे, रविवारी स्कूटरवर यायचे. झाडलोट माझी, शेळ्या देवरावजींच्या. ते जातीचे कोष्टी. माग बंद पडला म्हणून शेळ्यांकडे आले. जुळ्यातल्या करडाच्या गळ्यात ते लुगड्याच्या काठाचा लाल धागा बांधायचे. एकट्या जन्मलेल्याला काही नाही. लोकांना वाटायचं, दृष्टीचा धागा असेल.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. एकटं करडू आईच्या पोटातली जागा आणि नंतरचं दूध एकटंच घेतं, म्हणून जाडजूड होतं. जुळी बारकी राहतात. आमच्याकडे सगळे जाड बोकड पैदाशीला ठेवायचे आणि बारके खस्सी करून कापायला द्यायचे.

"मंग शेळ्या एकेकच देतीन, नाही तं काय?" देवरावजी चिडायचे. "जुळ्याचं बी आपणच कापून खाऊन राहिलो."

मी एकदा हसून विचारलं, "बोकड वितो काय जी?"

"बोकड नाही वित. त्याच्या लेकी वितात ना, बाई!"

हे त्यांनी मला नऊ वर्षांत शंभरदा सांगितलं. शेळ्यांनाही सांगायचे. मालकांपुढे मात्र "हो जी"च्या पुढे गाडी जायची नाही. याचाच मला संताप यायचा. ज्याने ठरवायचं, त्याच्याच कानावर या माणसाने काही घातलं नाही. चंद्री नावाची शेळी दर वेताला दोन-तीन द्यायची. तिची आई, आजी तशाच. मालकांनी तिच्या लेकी नातेवाइकांना वाटून टाकल्या, तेव्हाही हे "हो जी".

देवरावजी उमरेडला बहिणीकडे लग्नाला गेले आणि मालक आले. त्यांनी बोट दाखवलं, "तो मोठा ठेवा, हा बारका खस्सी करा." बारका चंद्रीचा होता. गळ्यातला धागा मला दिसत होता. तरी मी पाय धरले. खरं सांगते, मलाही मोठाच बरा वाटला होता.

देवरावजींनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. चार दिवस ते शेळ्यांशीच बोलले. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "चंद्री गाभण आहे. म्हातारी झाली, पण एक बोकड देऊन गेली तं भागते."

"आता तरी मालकाले सांगा."

"सांगतो ना."

"कवा?"

"विऊ दे आंधी."

चंद्री श्रावणात विली. पहिलंच करडू आडवं आलं. देवरावजींनी हात घालून ओढलं. दोन बोकड मेलेले निघाले. तिसरी पाट, म्हणजे मादी, मांजरीएवढी. दुपारी चंद्रीही संपली.

रविवारी मालकांनी ती पाट उचलून पाहिली. "ही काय जगणार? देऊन टाका कोणाला तरी."

देवरावजी म्हणाले, "हो जी."

मी झाडू खाली टाकला. "नाही द्यायची! तिघातली आहे म्हणून बारकी आहे. हिची माय, आजी, साऱ्या दोन-तीन देत होत्या. तुमी जाडे बोकड ठेवून ठेवून शेळ्या एकेकावर आणल्या. हा माणूस नऊ वर्षांपासून हेच सांगून राहिला, मले अन् शेळ्यायले. तुमाले सांगाची याची छाती नाही झाली!"

मालक वळले. "खरं का हो, देवराव?"

देवरावजी जमिनीकडे पाहत म्हणाले, "हो जी."

पाट राहिली. दुसऱ्या शेळीचं दूध मी तिला बाटलीने पाजलं. पुढच्या उन्हाळ्यात देवरावजी कावीळ होऊन गेले. तिचं पहिलं वेत त्यांनी पाहिलं नाही. आमच्या गोठ्यात चंद्रीच्या वंशाची तेवढी ती एक पाट उरली.