बाळकुमचा एका दिवसाचा जावई

साताऱ्याहून एसटीने ठाण्यात उतरलो तेव्हा खांद्याला एक पिशवी होती आणि डोक्यात भरपूर हवा. दूरदर्शन नुकतं रंगीत झालेलं. टेनिस बॉलच्या स्पर्धांत पैसे घेऊन बॉलिंग करायचा माझा धंदा होता. गावोगावच्या टीम बोलवायच्या. यंदा बोलावणं बाळकुमचं होतं.

बाळकुम अजून गावच होतं. दारांत जाळी सुकत होती, मागे खाडी. मुक्काम कॅप्टन जनार्दनच्या घरी. त्याच्या आईने तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे) कालवण वाढलं. मी घाटावरचा, पहिल्याच घासाला काटा घशात.

"कोरडा भात गिळा, जाईल," जनार्दनची बहीण मंदा दारातून म्हणाली आणि खुदकन हसली. भाताने काटा खरंच गेला. तिला ठाकुर्लीचं स्थळ आलं होतं. चार दिवसांनी ते लोक सुपारी फोडायला येणार होते आणि त्या घरात दुसरा विषयच नव्हता.

दुसऱ्या दिवशी फायनल होती, तीही ठाकुर्लीच्याच मैदानावर. स्पर्धेचा नियम मला तिथे कळला: टीममध्ये गावची माणसं, नाहीतर गावचे जावई. अंपायरने मला अडवलं.

"आमचे घरचा जावाय हाय," जनार्दन बेधडक म्हणाला. आपल्याला एकच बहीण आहे, हे त्याच्या ध्यानातही आलं नसावं. फायनलचं वारं अंगात शिरलं होतं.

पहिल्याच ओव्हरला मी दोन दांड्या उडवल्या. लाउडस्पीकरवरचा माणूस चेकाळला आणि दर बॉलला "जनार्दन कॅप्टनच्या घरचे जावई" असं ओरडू लागला. पाणी प्यायला बाहेर आलो, तर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ पुढे आले.

"पाव्हनं, जनार्दनला तर एकच भन. मंदा. तिला आमचे भाच्यासाठी बघितली हाय. तुमी तिचेच मालक का?"

नाही म्हटलं असतं तर टीम बाद झाली असती आणि माझ्या विकेट मातीत गेल्या असत्या. मला तेवढंच दिसलं.

"हो," मी म्हणालो.

मॅच जिंकली. माझ्या पाच विकेट. ढोल वाजवत घरी पोचलो, तर सुपारी मोडल्याचा ठाकुर्लीचा निरोप आमच्या आधी येऊन बसला होता. आई ओट्यावर डोकं धरून बसलेली. जनार्दन तसाच उलटा ठाकुर्लीला धावला आणि दोन-तीन तासांत परत आला.

"मामा आयकत नय. बोलतो, पाव्हन्याने सोताच्या तोंडाने सांगितला. तू चल रे. कप गेला तरी चालेल."

मंदा चुलीपाशी होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती, वाट बघत होती.

चारचौघांत खोटारडा ठरायची मला भीती वाटली. "माझी साताऱ्याची गाडी आहे," मी म्हणालो आणि पिशवी उचलली. गाडी दुसऱ्या दिवसाची होती. रात्र मी स्टँडवर काढली. पुढे कितीतरी वर्षं मी बॉलिंग केली, पण बाळकुमला गेलो नाही. मंदाचं काय झालं, हे विचारायचीही मला लाज वाटली, अजून वाटते.

त्या दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या स्टँडवर दोस्त घ्यायला आलेले. "किती काढल्यास?"

"पाच."

त्यांनी मला खांद्यावर घेतलं, आणि मी घेऊ दिलं.