लाखेची कांडी

परवा पोस्टात पार्सलावर लाख ओतत होते, त्या जळक्या वासानं मला नव्वदीतलं इस्लामपूर आठवलं. एसटी स्टँडसमोर आईचं भडंगाचं दुकान होतं. परवाना भिंतीवर देवांच्या रांगेत, हळदकुंकू लावलेला. दर दिवाळीआधी अन्न तपासणीचे साहेब यायचे आणि ‘नमुना’ म्हणून पिशवी भरून भडंग न्यायचे. ना सील, ना पावती. शेजारच्या मिठाईवाल्याकडं मात्र त्यांनी रीतसर नमुना घेतलेला आईनं पाहिला होता. त्या वर्षी तिनं लसणाचे हात पदराला पुसले आणि फळीवर तीन बरण्या, पेटती मेणबत्ती आणि लाखेची कांडी मांडली. “सायेब, नमुना तीन बरण्यांत घालायचा आसतो नव्हं? घाला, लाख लावा, मी सही करते.” साहेब तडकले, “बाई, परवाना जाईल तुमचा!” “जाऊ द्या. पर इतकी वर्सं नमुना न्हेताय, येकदा तरी रिपोर्ट दाखवा. का घरच्यांनीच चाखून सांगितलं, लय भारी हाय म्हणून?” गिऱ्हाइकं खो खो हसली. साहेबांनी रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि चालते झाले. परवाना काही गेला नाही. आता दुकान मी चालवते. नवे साहेब परवाना वाचतात आणि त्याखालची कांडी बघून विचारतात, ही कशाला? मी सांगते, “तुमच्यासाठीच ठेवलीय.”