ट्रक गेल्यानंतरचा राब

आमचं घर आटगावजवळ, हायवेला लागून. समोरच्या गोदामात माल भरायला आलेले ट्रक आमच्या दारापुढं इंजिन चालू ठेवूनच रांग लावायचे. त्या धुरानं माझ्या लेकीचा दमा बळावला. किती भांडले असेन मी त्या ड्रायव्हरांशी! एकानं बंद केलं की मागचा चालू करायचा. मेल्यांना लाज म्हणून नव्हती.

मग दक्षिणेकडचा माल बंदरावरून जहाजानं जायला लागला आणि गोदामही तिकडंच हललं. लेक हिवाळाभर पंपाशिवाय झोपली. मी तर न पाहिलेल्या त्या जहाजाला हात जोडले. बंदरावर आता कुणाची तरी पोरं खोकत असतील, असं मनात यायचं. पण खरं सांगते, तो विचार मी फार वेळ टिकू द्यायची नाही.

उन्हाळ्यात सासऱ्यांनी राब भाजायचं काढलं. भाताचं बी पेरायच्या जागेवर शेण नि पालापाचोळा पसरून जाळायचा, ही आमच्याकडची रीत. डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून त्या दिवसांत मी लेकीला माहेरी, मुरबाडला ठेवायची.

"ट्रक गेले ना? मंग पोर कशाला धाडतेस?" सासरे म्हणाले. "आपला धूर बाधत नाय गो. आमी त्यातच वाढलो."

"धूर तो धूरच, बाबा!"

पण लेक आजोबांना बिलगली. तिला राब बघायचाच होता. मी चडफडत तिच्या कपड्यांची भरलेली पिशवी ठेवून दिली.

सकाळी राब पेटला आणि वारा फिरला. धूर सरळ अंगणात. लेक खोकली, खोकली, मग खोकणंच थांबलं आणि छातीत नुसती शिट्टी वाजायला लागली. पंप दिला, पुन्हा दिला. काही फरक नाही. ओठ काळेनिळे पडले तशी मी किंचाळले, "बाबा, विझवा ते!" सासऱ्यांवर आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ. मी पोरीला उचलून रिक्षात बसले नि शहापूरचा दवाखाना गाठला. तिथं ऑक्सिजन नि वाफ दिल्यावर कुठं तिचा श्वास मोकळा झाला.

दुपारी तिला घेऊन परतले, तर राब अर्धवट जळून चिखल झालेला. टँकरचं प्यायचं पाणी सासऱ्यांनी सगळं त्यावर ओतलं होतं. घरात थेंब नव्हता. ते ओट्यावर बसलेले, हात भाजलेले. माझ्याकडं बघायची त्यांची हिंमत होईना.

"पोर हाय ना?" त्यांनी विचारलं.

माझा सगळा राग तिथंच गळाला. झोपलेली लेक मी त्यांच्या मांडीवर दिली. ते तिच्या छातीला कान लावून बसले आणि कितीतरी वेळ त्यांनी डोकं वर उचललं नाही.