फिटरभाऊंचा गोबरगॅस

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर त्याने चुकांवर रागावू नये, मजकूर खरा आहे.

आमच्या मांजर्लीच्या चाळीत शेवटच्या खोलीत फिटरभाऊ राहायचे. त्यांच्याएवढा पुढचा विचार करणारा माणूस अख्ख्या बदलापुरात झाला नसेल. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते फिटर होते आणि कामावर सायकलने जायचे. लोकल विजेवर चालते, असं कुणी म्हणालं की ते विचारायचे, "आणि वीज कशावर चालते?" समोरचा काढता पाय घ्यायचा. मी मात्र पुरुषमाणसांसमोर गप्पच असायची, त्यामुळे त्यांना वाटायचं की मला सगळं पटतंय.

एका रविवारी ते दारोदार सांगत फिरले, "वहिनी, तेल संपणार आहे. सगळ्यांनी मिळून आत्ताच सोय करायला हवी." आम्ही बायकांनी मिळून सोय केली. सातही घरांतल्या बायका पिशव्या घेऊन वाण्याकडे गेलो आणि गोडेतेलाचे डबे उचलले. सिंधी वाणी म्हणाला, "क्या बात है बहनजी, चाळ में शादी है?" संध्याकाळी दारात डबे पाहून फिटरभाऊंनी कपाळाला हात लावला. "अहो, खायचं नव्हे. जमिनीतलं. रॉकेल, पेट्रोल, डिझेल."

"मग तसं बोलायचं ना," शेजारच्या सुलभाताई म्हणाल्या. "चार महिन्यांचं तेल भरून बसले मी. आता बसा भजी खायला." पुढे महिनाभर चाळीत भजी तळली जात होती. मुलांचे घसे बसले. फिटरभाऊ मात्र प्रत्येक घरी मान खाली घालून खायचे आणि म्हणायचे, "पण तुम्ही एकजुटीने गेलात, हे लक्षण चांगलं आहे."

पुढे आखातात लढाई लागली आणि रेशनवर रॉकेल खरंच येईना. रांगेत आमचे रिकामे कॅन दोन-दोन दिवस उभे असायचे. तेव्हा सगळ्यांना फिटरभाऊ आठवले. त्यांचा बेत तयारच होता. चाळीमागे खड्डा, त्यावर लोखंडी ड्रम, चामटोलीच्या तबेल्यातलं शेण आणि सात घरांत मिळून एक शेगडी. घरटी तीनशे रुपये. माझ्याकडे बरोबर तीनशे होते. उल्हासनगरच्या एका सिंधी बाईचे पापड लाटून मी ते गॅसच्या सिलेंडरसाठी साठवले होते. नंबर लागायला वर्षं लागतात म्हणून दिले. ह्यांना सांगितलं नाही.

आणि गॅस पेटला. पहिला चहा सात घरांचा एकाच पातेल्यात झाला. "वास येतोय का हो?" सुलभाताईंनी विचारलं. "वास मनाचा असतो," फिटरभाऊ म्हणाले आणि दोन कप प्यायले. पाळ्या लावल्या. कारखान्याच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्यांच्या बायकांना शेगडी आधी. भांडणं झाली, तशी एकमेकींची डाळही उतरवून ठेवली. मला तो पावसाळ्यापर्यंतचा काळ फार आवडला. मी त्या शेगडीपाशी बायकांत बसून बोलायला शिकले.

मग श्रावणात नदी चढली. पाणी चाळीमागे आलं आणि ड्रम तरंगत निघाला. फिटरभाऊ छातीभर पाण्यात त्याच्यामागे. आम्ही ओरडत होतो, "जाऊ द्या हो, ड्रमच आहे." तर ते तिकडून, "दोन वेळचा गॅस आहे आतमध्ये." चौघांनी धरून त्यांना बाहेर काढलं.

पैसे कुणी मागितले नाहीत. तेच म्हणाले, "नदीने नेलं, पण नदीजवळ खड्डा मी खणला." पुढे ते वांगणीला राहायला गेले. तिथून दर पहिल्या तारखेला सायकलवर यायचे आणि प्रत्येक घरी वीस रुपये ठेवायचे. दोन-तीन हप्त्यांनी बाकीच्यांनी हात जोडून नको म्हटलं. मला म्हणता आलं नाही. सिलेंडरचे पैसे तांदळाच्या डब्यात आहेत, असं ह्यांना वाटत होतं. नोट घेताना माझी मान वर होत नसे. ते बिचारे चहा घेत, वांगणीला लावलेल्या दुधीच्या वेलांबद्दल सांगत आणि जात.

शेवटी गॅसचा नंबर लागल्याचं कार्ड आलं. सिलेंडर आठवड्यात घ्यायचा होता आणि साठ रुपये अजून यायचे होते. फिटरभाऊंना ते कुठून कळलं कोण जाणे. पहिली तारीख नसताना आले, साठ रुपये एकदम पुढे केले. माझ्या तोंडून पहिल्यांदाच प्रश्न निघाला, "भाऊ, तुमच्याच पैशाने मी सिलेंडर आणणार. तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं थोडं," ते म्हणाले. "पण स्टोव्हचा धूर तुमच्या डोळ्यांत जातो, माझ्या नाही. मोजून घ्या."

मी डबा काढला. त्यांच्यासमोर मोजले. तीनशे भरले. ते "बरं" म्हणाले, पँटच्या पायाला सायकलची क्लिप लावली आणि वांगणीकडे निघाले. पुढच्या पहिल्या तारखेला मी चहाचं आधण ठेवलं होतं. पण ते आले नाहीत; आता ते आमचं काही देणं लागत नव्हते.